आईचा नाश्ता आणि भावाचं मशीन

आईच्या हृदयात स्टेंट टाकून आम्ही तिला नगरहून श्रीरामपूरला घरी आणलं आणि पुढच्याच रविवारी माझा धाकटा भाऊ पुण्याहून एअर फ्रायर घेऊन आला. गाडीच्या डिकीतून त्याने तो मोठा खोका काढला, तेव्हा आई खिडकीशी खुर्ची टाकून बसली होती. दवाखान्यातून आल्यापासून ती कशावरच खूश नव्हती. पण त्याला बघून उठून उभी राहिली.

"काय आणलंस रे?"

"तुझ्यासाठीच आहे. तुला आता तेल बंद ना? यात काय वाटेल ते तळायचं. तेल नाही, काही नाही."

त्याने मला बटाटेवड्याचं सारण करायला सांगितलं. मी केलं. त्याने स्वतःच्या हाताने वडे बेसनात बुडवले आणि मशीनच्या जाळीवर ठेवले. बेसन ओलं होतं, ते जाळीतून खाली गळलं आणि खाली भाजून चिकटलं. वर राहिले नुसते बटाट्याचे गोळे, अर्धे उघडे. भाऊ हसला, मीही हसले. आईने मात्र एक गोळा बशीत घेऊन शांतपणे संपवला आणि म्हणाली, "छान झालाय. अगदी हलका."

दुसऱ्या दिवशी त्याचं ऑफिस होतं म्हणून तो संध्याकाळी निघून गेला. जाताना दारात मला म्हणाला, "ताई, तू आहेस म्हणून मला काळजी नाही." मला ते तेव्हा कौतुक वाटलं होतं. मग मी सिंकपाशी उभी राहून ती जाळी खरवडत बसले.

आमच्या आईला गावात सगळे सिस्टर म्हणतात. मिशनच्या दवाखान्यात तिने अख्खी नोकरी केली, शेवटी शेवटी वॉर्डची मुख्य होती. आजही तिला घेऊन बाजारात गेलं की भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत कोणी ना कोणी थांबतो. "सिस्टर, ओळखलं का? माझी पहिली पोरगी तुमच्याच हातावर झाली." आई त्यांना नाव घेऊन विचारते, पोरीचं लग्न झालं का, बाळंतपण कुठे केलं. तिला सगळं आठवतं. मी पिशवी धरून बाजूला उभी असते. मी कोण, हे मलाच सांगावं लागतं.

मला संगमनेरला दिली होती. नवरा पीत होता आणि प्यायला की हात उचलत होता. मी एका बॅगेत मावेल तेवढं घेऊन परत आले. चर्चमधल्या बायकांनी विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "सुट्टीला आलीय." वर्षभर ती हेच सांगत राहिली. नाताळ झाला, पुढचं ईस्टर झालं, मी सुट्टीलाच होते. मग लोकांनी विचारायचं सोडलं आणि आईने सांगायचं. मला एका खासगी शाळेत बालवाडीला नोकरी लागली. ती मी आई आजारी पडेपर्यंत केली. आईला नगरला नेलं तेव्हा आधी रजा टाकली, रजा संपल्यावर शाळेने विचारलं, मी भावाला विचारलं, भावाने आईला विचारलं. आई म्हणाली, "ती असेलच की घरी." अशी माझी नोकरी सुटली.

डॉक्टरांनी सकाळी ओट्स द्यायला सांगितले होते. मी दुधात शिजवले आणि वाटीत घालून दिले. आईने चमचा बुडवला, वर उचलला, ते चमच्यावरून सावकाश खाली पडताना बघितलं.

"पेज आहे ही."

"ओट्स आहेत आई. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"मला शिकवू नकोस. आयुष्यभर पेशंटला पेज पाजलीय मी. मी पेशंट नाही."

तिने वाटी सरकवून दिली. दुसऱ्या दिवशी मी त्यात मनुका घातल्या, तिसऱ्या दिवशी फोडणी देऊन तिखट केलं. तिने तोंड लावलं नाही. मला वाटलं, बाई नुसत्या चहावर कशी राहते? मग कळलं. सायकलवरून पाववाला रोज सकाळी आमच्या गल्लीतून जातो. मी आंघोळीला गेले की आई खिडकीतून त्याला हाक मारायची आणि खारी घ्यायची. उशीच्या खोळीत मला खारीचे पापुद्रे सापडले. ज्या बाईने पेशंटच्या गाद्या उलटून विड्या आणि फरसाण जप्त केलं होतं, ती स्वतः उशीत खारी लपवत होती. मला हसू आलं आणि नंतर राग आला. मी पाववाल्याला सांगून टाकलं, या खिडकीत द्यायचं नाही. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

खारी कशासाठी, तर तिला हातात धरून चावायला काहीतरी हवं होतं. नाइट ड्यूटीवरून आली की ती ब्रेड-आम्लेट खायची, ताठ बसून, सुरीने कापून. मला वाटलं, ओट्सच जर कापता आले तर? मोबाईलवर शोधलं तर एक मुलगी एअर फ्रायरमध्ये ओट्स भाजून त्यांची वडी पाडताना दिसली. ओट्स, दूध, अंडं, कुस्करलेलं केळं, दालचिनी. सगळं घरात होतं, आणि मशीन ओट्यावर नुसतं पडलं होतं.

पहिल्यांदा मी जेवणाच्या स्टीलच्या डब्यात मिश्रण घातलं आणि वर शोभेला कोरडे ओट्स भुरभुरले. मशीनचा पंखा सुरू झाला तसे ते कोरडे ओट्स आतल्या आत उडाले, वरच्या तापलेल्या कॉइलला चिकटले आणि घरभर करपल्याचा वास सुटला. डबा काढला तर वरचा थर काळा आणि आत सुरी घातली तर गिळगिळीत कच्चं. आईने आतल्या खोलीतून विचारलं, "काय जाळलंस?"

दुसऱ्यांदा वरून फॉइल लावलं, ते पंख्याने उडवलं. तिसऱ्यांदा फॉइल डब्याच्या काठाखाली नीट दुमडून घेतलं, तर मधेच लाईट गेली. लाईट आली तोवर सगळं बसून गेलं होतं. त्या दिवशी ते मी स्वतःच खाल्लं, दोन वेळा.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक मावशी राहतात. मूळच्या श्रीगोंद्याकडच्या, मुलाच्या नोकरीमुळे इथे आलेल्या. आईची विचारपूस करायला रोज सकाळी येतात. माझी ती खटपट बघून त्या म्हणाल्या, "अगं, तव्यावर एक धिरडं टाक आन् दे की. कशाला यवढा उपद्व्याप?"

"धिरड्याला तेल लागतं मावशी."

"मग लागूंदे थोडं. मानूस तेलानं न्हाई मरत, उपाशी ऱ्हायलं की मरतं."

पण मी हट्टाला पेटले होते. मेन रोडच्या दुकानातून जाळीत बसेल असं छोटं गोल केकचं भांडं आणलं. ओट्स आधी दुधात भिजवून ठेवायचे हे कळलं. आईला मधुमेहही आहे, साखर चालत नव्हती, म्हणून केळं चांगलं पिकलेलं, सालीवर काळे ठिपके पडलेलं घ्यायचं. सफरचंद घालायचं तर किसून त्याचं पाणी पिळायचं, नाहीतर मध्यभाग बसतो. आधी फॉइल लावून मंद भाजायचं, मग फॉइल काढून पाच मिनिटं वरचा थर खरपूस होऊ द्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाहेर काढल्यावर लगेच कापायचं नाही. थोडा वेळ तसंच ठेवलं की ते भांड्याच्या कडा सोडतं आणि उलटं केलं की अख्खं ताटलीत उतरतं.

ज्या दिवशी ते तसं उतरलं, त्या दिवशी मी त्याच्याकडे बघतच राहिले. वरून बदामी, कडेला थोडं गडद, दालचिनीचा वास. मी एक तुकडा कापून बशीत ठेवला, बाजूला सुरी ठेवली आणि आईच्या पुढे नेलं.

आईने सुरी उचलली. तुकड्याचे चार भाग केले. एक तोंडात घातला, बराच वेळ चावला. मी दारात उभी. तिने चारही भाग संपवले आणि बशी माझ्याकडे दिली.

"आज करपलं नाही," ती म्हणाली.

त्या बाईने माझी केलेली ही एवढीच स्तुती. पण तेव्हा मला ती पुरली. मी स्वयंपाकघरात जाऊन राहिलेला तुकडा उभ्या उभ्या खाल्ला आणि मला खूप बरं वाटलं, हे खरं आहे.

त्यानंतर रोज सकाळी तेच. आईला अंगात ताकद आली. ती अंगणात फिरायला लागली, मग चर्चपर्यंत. रविवारी उपासनेहून आलो की भावाचा व्हिडिओ कॉल यायचा. भाऊ विचारायचा, "आई, खातेस ना मशीनमधलं?"

"खाते रे राजा. तुझ्या मशीननेच वाचवलं मला."

"दाखव बघू आजचं."

मग मी बशी आणून मोबाईलसमोर धरायची. माझा हात आणि बशी एवढंच त्याला दिसायचं. तो बायकोला हाक मारायचा, "अगं बघ, आई ओट्सचा केक खाते." तीही डोकावून अंगठा दाखवायची.

तपासणीसाठी नगरला गेलो. डॉक्टरांनी कागद बघितले, वजन केलं, बीपी घेतलं आणि खूश झाले. "काय खाता सकाळी?"

"मुलगा पुण्याला असतो माझा," आई म्हणाली, "त्याने मशीन आणून दिलंय. त्यात ओट्स भाजून खाते. बिनसाखरेचे, बिनतेलाचे."

"वा. मुलगा काळजी घेतो तुमची."

"फार घेतो."

मी शेजारच्या खुर्चीत आईची फाईल, पाण्याची बाटली आणि शाल मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही?"

"मुलगी," मी म्हणाले.

"अच्छा, अच्छा," म्हणून ते औषधं लिहायला लागले.

येताना एसटीत आईला खिडकीची जागा दिली. तिला झोप लागली, तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. राहुरी गेली, तरी मी खांदा हलवला नाही. मनात मात्र तेच चाललं होतं. ओट्स भाजून खाते. जणू ओट्स रोज सकाळी आपोआप त्या मशीनमध्ये चालत जातात.

थोड्या दिवसांनी भगिनी मंडळाची प्रार्थना आमच्या घरी होती. आई बरी झाली म्हणून उपकारस्तुतीची. बायका सतरंजीवर बसल्या, दोन गीतं झाली, वचन वाचलं. मग आईने स्वतः प्रार्थना केली. तिचा आवाज वॉर्डात होता तसाच खणखणीत आहे. तिने देवाचे आभार मानले, डॉक्टरांच्या हातांसाठी, औषधांसाठी, पाळकसाहेबांच्या भेटींसाठी. मग मुलासाठी, सुनेसाठी, दोन्ही नातवंडांसाठी एकेकाचं नाव घेऊन. "आणि हे प्रभू, माझ्या मुलाच्या मनात ते मशीन आणायचं तू घातलंस, त्याबद्दल तुझे आभार मानते." मी चहाचा ट्रे घेऊन दारात डोळे मिटून उभी होते. वाटलं, आता येईल. आता येईल. सगळ्या बायका म्हणाल्या, "आमेन." मीही म्हणाले.

मी सकाळपासून ओट्स भाजून त्याच्या वड्या पाडून ठेवल्या होत्या. बायकांनी खाल्ल्या आणि एकमेकींना सांगितलं, सिस्टरच्या मुलाच्या मशीनचं खाणं फार छान आहे.

शेजारच्या मावशी हे सगळं त्यांच्या ओसरीवरून ऐकत होत्या. बायका गेल्यावर मी भांडी घासत होते, तेव्हा मला म्हणाल्या, "सिस्टरचा पोरगा लई गुनाचा हाय म्हनं. रोज सकाळी त्योच यीत आसंल नव्हं ओट्स भाजायला? मला दिसला न्हाई कधी."

मी चहाचे कप विसळत राहिले. बोलले असते तर रडू आलं असतं.

नाताळला भाऊ, भावजय आणि मुलं आली. भाऊ म्हणाला, उद्याचा नाश्ता मी करणार, ताईला सुट्टी. सकाळी त्याने चॉकलेटचं पाकीट फोडलं, वर मधाची अर्धी बाटली ओतली, ओट्स भिजवले नाहीत, फॉइल लावलं नाही. मी म्हणाले, "आईला साखर आहे." तो म्हणाला, "एक दिवस काही होत नाही ताई, सण आहे." भांडं बाहेर काढल्या काढल्या त्याने ते कापलं. मध्यभाग चिखलासारखा वाहत बशीत पसरला. मुलांनी तोंडं वाकडी केली. आईने चमचा मागून घेतला आणि बशी पुसून खाल्ली. जिने माझी वाटी पेज म्हणून सरकवली होती, तिने.

"याला म्हणतात चव," ती म्हणाली.

भाऊ मला म्हणाला, "ताई, तू दालचिनी थोडी कमी घालत जा. आणि कधीतरी चॉकलेट." दुपारी आईला घाम फुटला, डोकं जड झालं. मी शुगर तपासली, पाणी पाजलं, पंख्याखाली झोपवलं. भाऊ मुलांना घेऊन शिर्डीच्या बाजूला वॉटर पार्कला गेला होता. तो आला तेव्हा आई उठून बसली होती. मी सांगायला तोंड उघडलं, तर आई माझ्याकडे बघून म्हणाली, "काही झालेलं नाही. हिला सवय आहे वाढवून सांगायची."

त्याच मुक्कामात ठरलं, की आईने पुण्याला जायचं. भाऊ म्हणाला, "थोडे दिवस चल आई, ताईलाही आराम." आईने त्याच रात्री बॅग भरली. सकाळी मला म्हणाली, "मशीन खोक्यात भर. ते माझं आहे." मी भरलं. केकचं भांडंही दिलं, जे माझं होतं. भावजयीला ओट्यापाशी उभं करून सगळं सांगितलं, भिजवायचं कसं, फॉइल कसं दुमडायचं. तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, "ताई, खरं सांगू? आम्हाला सकाळी एवढा वेळच नसतो. पण बघते मी." ती वाईट नाही. तिला सात वाजता कंपनीची बस असते.

गाडी गेली आणि घर रिकामं झालं. मला वाटलं होतं, मी उशिरा उठेन, मनासारखं खाईन. प्रत्यक्षात मी त्याच वेळेला उठायची आणि ओट्यापाशी उभी राहायची. मशीन होतं तिथे चौकोनी स्वच्छ जागा राहिली होती. मी चहात शिळी चपाती बुडवून खायची. मला स्वतःसाठी काय करायचं तेच सुचत नव्हतं. इतक्या वर्षांत मला काय आवडतं हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

फोनवर आई म्हणायची, "मजेत आहे. फार कौतुक चाललंय माझं."

ऊन तापायला लागलं तेव्हा भाऊ तिला परत घेऊन आला. ती गाडीतून उतरली आणि मला धक्का बसला. ब्लाउजच्या बाह्या दंडावर सैल लोंबत होत्या. भाऊ म्हणाला, "काही खातच नाही ताई ती. तूच बघ आता." सामान उतरवलं. मी डिकीत डोकावले.

"मशीन?"

"अगं, मुलांना त्यात फ्रेंच फ्राईज खायची सवय लागलीय. रोज लागतं. तुला दुसरं पाठवतो मी."

आई म्हणाली, "पोरं खातात तर खाऊ दे."

दुसरं आलं नाही. मी त्याला आठवण करून दिली नाही, आणि त्याला झाली नाही. मी कुकरच्या तळाला मीठ पसरून, शिट्टी काढून त्यात भांडं ठेवून भाजायला लागले. होत होतं, पण वरचा थर खरपूस होत नव्हता. आई खायची. एकदा खाता खाता म्हणाली, "सकाळी दोघंही निघून जायचे. टेबलावर दूध आणि ते कोरड्या चुरमुऱ्यासारखं काहीतरी झाकलेलं असायचं. मी दूध तेवढं प्यायची." मी तिच्याकडे बघितलं. पुढे काहीतरी बोलेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "याला मशीनची चव नाही."

मग मी बाजारात जाऊन एअर फ्रायर आणला. भावाचा होता त्याहून छोटा. संध्याकाळी घरी शिकवणी घ्यायला लागले होते, त्या मुलांच्या फीतून आणला. नवीन मशीन ओट्यावर ठेवलं तेव्हा आईने फक्त विचारलं, "तसंच होईल का यात?" झालं. पहिल्याच दिवशी नीट उतरलं. तिचे दंड पुन्हा भरायला लागले.

महिनाभरात पाळकसाहेबांच्या पत्नी आईला भेटायला आल्या. मी भाजलेल्या ओट्सचा तुकडा आणि चहा पुढे ठेवला. त्या म्हणाल्या, "सिस्टर, मशीन तर तुम्ही पुण्याला नेलं होतं ना?"

आई क्षणभरही थांबली नाही. "मुलाने दुसरं पाठवलं."

मी चहाची बशी खाली ठेवली. "आई, मशीन मी आणलंय."

पाळकसाहेबांच्या पत्नींनी तुकड्याकडे बघत म्हटलं, "छान झालंय हं." चहा अर्धा ठेवून त्या उठल्या.

त्या फाटकाबाहेर गेल्या आणि आई माझ्याकडे वळली. "चारचौघांत मला खोटं पाडलंस."

"खोटंच होतं ते."

"तुझं काय गेलं त्यात?"

"माझं? आई, रोज सकाळी ते कोण करतं? नगरला कोण आलं? तू एकदा तरी कुणाला सांगितलंस?"

ती चिडली नाही, हेच मला जास्त लागलं. लहान मुलाला समजावावं तसं तिने मला समजावलं. "तो लांब असतो. त्याचं सांगावं लागतं, नाहीतर लोक काय म्हणतील? तू तर इथंच आहेस. तुझं काय सांगायचं?"

मी तिच्यापुढून बशा उचलल्या. धुतल्या. पुसून फडताळात लावल्या. मग चपला घालून सरळ माझ्या जुन्या शाळेत गेले. सुट्ट्या लागलेल्या होत्या, पण मुख्याध्यापिका बाई ऑफिसात होत्या. मी विचारलं, जूनपासून जागा आहे का? त्या म्हणाल्या, बालवाडीला नाही, पण सकाळच्या पाळणाघराला एक बाई हवी आहे, सहाला यावं लागेल, पगारही कमी. मी हो म्हणाले.

भावाला फोन केला. तो गडबडला. "अगं, पण आईचं सकाळचं कोण बघणार?"

"तूच विचार तिला."

"ताई, असं काय करतेस? तू समजूतदार आहेस."

"होते," मी म्हणाले आणि फोन ठेवला. त्याने पुन्हा केला नाही. आईला त्याने काय सांगितलं मला माहीत नाही. आई मला एवढंच म्हणाली, "जायचंय तर जा. मी कुणाला धरून ठेवलं नाही."

आता मी पहाटेच ओट्स भाजून ठेवते. एक तुकडा कापून स्वतः खाते, खुर्चीत बसून. उरलेलं आईच्या टेबलावर बशीत झाकून ठेवते, औषधं बाजूला, आणि निघते. मावशी आठच्या सुमाराला डोकावून जातात. पाळणाघरात दहा-बारा पोरं असतात. त्यांच्या आया त्यांना रडतच सोडून जातात आणि तासाभराने ती मला सोडायला तयार नसतात. त्यांच्या डब्यांतलं मी भरवते. त्यातली एक चिमुरडी जाताना रोज आपल्या आईला सांगते, "बाईंनी भरवलं."

परवा दुपारी घरी आले तर बशीत अर्धा तुकडा तसाच होता. आई खिडकीशी बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "गार झालं होतं."

मी बशी उचलली. "हो," मी म्हणाले, "होणारच."